खाडीकाठच्या आवारात सावलीसाठी बीच हा वृक्ष लावता येईल का?

खाडीकाठ_गुहागर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

आमचे घर गुहागर तालुक्यात जयगड खाडीच्या एका फाट्यालगत आहे. घरामागचे आवार दोन तऱ्हेचे आहे. वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ असून त्यावर हात-दीड हात माती आहे, तर खालचे अंग उतरत जाऊन खाजणाला मिळते आणि उधाणाच्या भरतीला खारे पाणी बांधापर्यंत चढते. पश्चिमेकडे आडोसा काहीच नसल्यामुळे फाल्गुनापासून मिरगापर्यंत दुपारी मागच्या पडवीत बसणे अशक्य होते. तेथे एक मोठे, पुढच्या पिढ्यांनाही सावली देईल असे झाड असावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

माझी भाची जर्मनीत राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने आम्हाला बाल्टिक समुद्रातील रुगेन बेटावरचे यास्मुंडचे जंगल दाखवले. ते सारे जंगल बीच वृक्षांचे आहे. राखाडी रंगाची, हात फिरवला तर गुळगुळीत लागणारी सरळसोट खोडे, वर एकमेकांत मिसळलेला पाला आणि खाली झुडूप नावाला नाही, केवळ तपकिरी पानांचा थर. भर दुपारीही तेथे हिरवट, मऊ उजेड होता आणि झाडी संपते तेथे पांढऱ्या खडूच्या कड्याखाली लगेच समुद्र होता. समुद्राच्या इतके जवळ वाढणारे झाड आपल्याकडेही का वाढू नये, असे तेव्हापासून मनात घोळत आहे.

भाचीने आता बीचच्या बिया जमवल्या आहेत. काटेरी कवचात दोन-दोन असणाऱ्या, तीन धारांच्या तपकिरी बिया आहेत. त्या पाठवू का, असे ती विचारते. त्या येथे रुजतील का? जमिनीत शक्य नसेल, तर मोठ्या कुंडीत वाढवता येतील का? आणि हे जमण्यासारखे नसेल, तर माझ्या जागेला कोणते झाड योग्य ठरेल? तिने स्वतः तेथे नुकतेच अंगण असलेले घर घेतले असून तिलाही बीच लावायचा आहे, त्यामुळे निगेविषयी कोणी सांगितले तर तिला कळवता येईल.

वनविद्या_दापोली यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न मनापासून आला आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. बी रुजेल, परंतु झाड होणार नाही.

बीचच्या बीला रुजण्यापूर्वी ओलसर थंडी लागते. तिच्या मुलखात ती पानगळीत जमिनीवर पडते, हिवाळाभर पालापाचोळ्याखाली गारठ्यात राहते आणि वसंतात उगवते. ओल्या वाळूत मिसळून तीन ते पाच महिने फ्रीजमध्ये ठेवली, तर ती गरज आपल्याकडेही भागवता येते आणि रोप वर येते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण जी थंडी बीला एकदा लागते ती झाडाला दर वर्षी लागते. हिवाळ्यात त्याचे डोळे झोपी जातात आणि पुरेशी थंडी मिळाल्यावर, दिवस मोठा होऊ लागला की ते फुटतात. दिवसाच्या लांबीला हे झाड फार जागरूक असते. यास्मुंडला जूनमध्ये सुमारे १७ तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरात तो ७ तासांच्या आसपास येतो. आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या थोडा वर आणि लहानात लहान ११ तासांचा. पौषातल्या रात्रीही आपल्या किनाऱ्यावर पारा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. अशा ठिकाणी बीचला विश्रांतीची वेळ कोणती आणि वाढीची कोणती याचा मेळच लागत नाही. डोळे वेडेवाकडे फुटतात, काही फुटतच नाहीत आणि रोप क्षीण होत जाते.

दुसरे कारण जमिनीचे आहे. बीचची मुळे उथळ पसरणारी असून त्यांना सतत हवा आणि बेताची ओल लागते. त्या भागात वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो, शिवाय खडूच्या जमिनीत पाणी साचून राहत नाही. आपल्याकडे त्याच्या चौपट पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्या दिवसांत मुळे गुदमरून कुजतील, आणि ज्या काही वाचतील त्या मार्चनंतर तापलेल्या कातळावरच्या हातभर मातीत करपतील. खोडाचा जो गुळगुळीतपणा आपल्याला भावला, तो पातळ सालीमुळे आहे. ती साल थेट उन्हात भाजून तडकते, म्हणून तेथेही दाटीतला बीच एकाएकी उघडा पडला की त्याच्या खोडाला इजा होते.

समुद्राबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र बाल्टिकचे पाणी अगदी सौम्य खारे असते. रुगेनच्या आसपास हजार भाग पाण्यात ७-८ भाग मीठ आढळते, अरबी समुद्रात ते ३५ भागांच्या पुढे जाते. बीच मिठाला नाजूक आहे. आपल्या खाजणावरून येणारा वारा त्याला सोसणार नाही.

कुंडीचाही आग्रह धरू नये. वातानुकूलित खोलीत ठेवून या वृक्षाला वर्षानुवर्षे जगवणे म्हणजे त्याला आजारी ठेवणे होय. आणि बिया टपालाने मुळीच मागवू नयेत. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून बियाणे किंवा रोपे आणताना आयात परवाना आणि तिकडचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागचे कारण खरे आहे. एखाद्या बियाबरोबर आलेली बुरशी आपल्या आंबा-काजूला लागली, तर ती परतवता येत नाही.

यास्मुंडच्या त्या जंगलाला २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ते झाड तेथेच पाहावे. आपल्या जागेसाठी करंजाचा विचार करा, असे मी सुचवीन. त्याविषयी रोपवाटिकेतले जाणकार अधिक नेमके सांगू शकतील.

हँबर्गहून_रत्नागिरी यांचा प्रतिसाद

भाचीसाठी लिहितो. आम्ही काही वर्षे हँबर्गजवळ राहत होतो आणि आमच्या घराला बीचचेच कुंपण होते, त्यामुळे त्याची निगा जवळून पाहिली आहे.

लागवड झाड निष्पर्ण असताना, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात करावी. त्या दिवसांत मातीविना, उघड्या मुळांची रोपे स्वस्त मिळतात आणि चांगली लागतात. मात्र खरेदीपासून लावणीपर्यंत मुळे क्षणभरही सुकू देऊ नयेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावीत. खोड आणि मूळ जेथे मिळतात तो सांधा जमिनीच्या पातळीलाच राहिला पाहिजे. खोल पुरलेला बीच वर्षानुवर्षे खुरटलेला दिसतो. पाणी साचणारी चिकण जागा टाळावी. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यावे आणि बुंध्याला न चिकटवता भोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

अंगण लहान असेल तर मोकळ्या बीचचा मोह टाळून कुंपणच करावे, असे माझे मत आहे. मोकळा बीच ३० मीटरच्या वर जातो आणि त्याच्या दाट सावलीत व उथळ मुळांत गवतसुद्धा नीट उगवत नाही. कुंपणासाठी मीटरला चार-पाच रोपे पुरतात. छाटलेल्या बीचची सुकलेली पाने हिवाळाभर फांदीवरच टिकतात आणि नवी पालवी फुटताना गळतात, त्यामुळे थंडीतही आडोसा राहतो. स्कॉटलंडमधील मिकलूर येथे १७४५ साली लावलेले बीचचे कुंपण आज सुमारे ३० मीटर उंच आहे, यावरून या झाडाची छाटणी सोसण्याची ताकद लक्षात यावी. जर्मनीत पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपण मुळापर्यंत कापण्यास कायद्याने मनाई आहे, नव्या वाढीची हलकी छाटणी मात्र चालते. तीही घरटी रिकामी आहेत हे पाहून ऑगस्टमध्ये करावी.

पानांच्या खाली पांढरा कापसासारखा थर दिसला, तर तो मावा असतो. मोठ्या झाडाला त्याने धोका नसतो, कोवळ्या कुंपणावर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. आवारात जुना बीच असेल तर त्याच्या घेराखाली खोदकाम करू नये, भर टाकू नये, गाडी उभी करू नये. २०१८ आणि त्यानंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत जर्मनीतील कितीतरी जुने बीच शेंड्याकडून वाळले. म्हातारे झाड वरून हिरवे दिसत असतानाही बुंध्याशी बुरशीने पोखरलेले असू शकते, म्हणून ते जाणत्याकडून तपासून घ्यावे.

रोपवाटिका_मालवण यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही उत्तरे वाचली. करंजाच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे. आपल्या वर्णनातील जागा त्याच्याच पसंतीची आहे.

करंज हे आपल्या खाड्यांच्या आणि नद्यांच्या काठाचे मूळचे झाड आहे. त्याची मुळे काही काळ पाण्याखाली राहिली तरी चालतात, जमिनीतला खारटपणा ते बऱ्यापैकी सोसते आणि वरकस जमिनीतही तग धरते. ते शेंगवर्गातील असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून हवेतील नत्र जमिनीत बांधते. उंची साधारण १५ मीटर, पण घेर रुंद आणि छाया थंड. पाने झडतात ती थंडी सरता सरता, थोड्याच दिवसांसाठी. लगेच कोवळी, चकचकीत पालवी येते आणि ज्या एप्रिल-मेमध्ये आपल्याला सावली हवी असते, तेव्हा झाड पूर्ण भरलेले असते. त्याच सुमारास फिक्या जांभळट-गुलाबी फुलांचे तुरे येतात, झाड मधमाश्यांनी घुमू लागते आणि सकाळी खाली फुलांचा सडा पडलेला असतो. हे झाड आपल्या डोळ्यांसमोर रोज असते, म्हणूनच कदाचित आपण ते लावण्याजोगे मानत नाही, याचे मला वाईट वाटते.

बी आपल्याच परिसरातील खाडीकाठच्या, भरदार आणि निरोगी झाडाचे घ्यावे. शेंगा फुलांनंतर जवळजवळ वर्षाने पिकतात. उन्हाळ्यात झाडावरच्या पिवळट-तपकिरी झालेल्या शेंगा काढून सावलीत सुकवाव्यात आणि लाकडी मोगरीने हलकेच फोडाव्यात. बहुतेक शेंगांत एकच बी निघते. ते चपटे, तांबूस आणि वरून बारीक शिरांचे असते. सुरकुतलेले किंवा भोक पडलेले बाजूला काढावे. बी जुने झाले की उगवण घटत जाते, म्हणून त्याच हंगामात पेरावे. रात्रभर पाण्यात भिजवून माती, वाळू आणि शेणखताच्या पिशवीत बोटाच्या एका पेराइतके खोल आडवे ठेवावे. साधारण दोन आठवड्यांत कोंब वर येतो. त्याचे सोटमूळ लवकर खाली धावते, त्यामुळे पिशवी उंच असावी आणि रोप तिच्यात फार काळ ठेवू नये, नाहीतर मूळ तळाशी वेटोळे घालते आणि झाड पुढे वाऱ्याला दुबळे राहते.

जागा निवडताना वरचा कातळ सोडून उताराच्या मधल्या पट्ट्यात, बांधाच्या आतल्या बाजूला लावावे. खाजणाच्या काठी कांदळ असेल तर ते अजिबात तोडू नये, ते संरक्षित आहे आणि आपला बांधही तेच राखते. उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापू द्यावा. जांभा लागला तर पहारीने तळ फोडून मुळाला वाट करून द्यावी, कारण नुसत्या कोरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी कुंडासारखे साठून राहते. पहिले दोन पाऊस जमिनीत मुरल्यावर रोप लावावे. खालच्या अंगाला पाणी तुंबत असेल तर हातभर उंचवटा करून त्यावर लावणे चांगले. गुरे करंजाचा पाला फार आवडीने खात नसली, तरी अंग घासून रोप मोडतात, म्हणून काट्यांची वई किंवा जाळी हवीच. पावसाळा संपल्यावर आळे करून गवताने झाकावे आणि पहिली दोन वर्षे मेअखेरपर्यंत आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. पुढे त्याचे ते पाहून घेते.

करंजाला खालूनच फांद्या फुटण्याची सवय असते. पडवीला सावली हवी आणि खालून मोकळेपणही हवे असेल, तर एक सरळ दांडा राखून बाजूच्या फांद्या दर वर्षी थोड्या थोड्या कमी कराव्यात आणि सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळे करावे. एकाच वर्षी सगळ्या छाटू नयेत.

आगरातला यांचा प्रतिसाद

करंज जरूर लावा, परंतु घरापासून अंतर राखा, एवढे मला ठासून सांगायचे आहे. मालवणच्या रोपवाटिकेच्या दादांनी झाडाचे गुण नीट सांगितले आहेत, त्याची दुसरी बाजूही आपल्याला माहीत असावी. करंजाच्या मुळांतून जागोजाग नवे फुटवे येतात. दर वर्षी कोयतीने काढले नाहीत तर आवारात करंजांचे रान माजते. पाने, फुले, शेंगा यांचा केरही सतत असतो. म्हणून घराच्या भिंतीपासून किमान तीस फूट, आणि विहीर व शौचखड्डा यांपासूनही तितकेच दूर लावावे. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्यामुळे तीस फुटांवरच्या झाडाचीही सावली दुपार कलल्यावर पडवीत बरोबर पोहोचते.

तो केर मात्र वाया घालवू नका. आमच्याकडे करंजाचा पाला माड-पोफळीच्या आळ्यात घालतात, आणि भाताच्या चिखलणीत हिरवा पाला गाडण्याची रीत जुनी आहे. तो लवकर कुजतो. बियांत साधारण तिसरा हिस्सा तेल असते. घाण्यावर काढलेले करंजेल पूर्वी दिव्याला, गुरांच्या त्वचारोगांना आणि लाकडाला लावायला वापरत. तेल काढून उरलेल्या पेंडीत सुमारे ४ टक्के नत्र असते आणि मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमींनाही तिने आळा बसतो. भाजीच्या वाफ्याला लावणीआधी पंधरा दिवस ती मातीत मिसळून ठेवावी. तेल आणि पेंड दोन्ही कडू आणि खाण्यास अपायकारक आहेत, तेव्हा लहान मुलांपासून बिया दूर ठेवाव्यात आणि पेंड गुरांच्या आंबोणात जाऊ देऊ नये.

आपली जागा खाडीऐवजी उघड्या पुळणीवर असती, तर मी उंडी सुचवली असती. ती वाळूत आणि थेट समुद्राच्या वाऱ्यात करंजाहून सरस ठरते, पण फार सावकाश वाढते.

खाडीकाठ_गुहागर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिया पाठवू नकोस, असे भाचीला आजच कळवले आणि कुंपणाची माहितीही पुढे पाठवली. तिला ती फार उपयोगी वाटली.

आता आणखी दोन गोष्टी विचारतो. आमच्या दक्षिणेकडील गडग्याच्या फटीत करंजाचे गुडघाभर उंचीचे रोप आपोआप उगवले आहे, तेच काढून नव्या जागी लावले तर चालेल का? आणि त्याच्या जुन्या पानांवर असंख्य बारीक, हिरवट गाठी उभ्या राहिल्या आहेत. हा रोग असेल तर तो पुढे पसरेल का?

रोपवाटिका_मालवण यांचा प्रतिसाद

गडग्यातील रोप हलवण्याचा मी सल्ला देणार नाही. गुडघाभर उंचीला त्याचे सोटमूळ दगडांमधून बरेच खाली गेलेले असते आणि ते अखंड निघत नाही. तुटक्या मुळाचे झाड जगले तरी खोल न जाता पसरते, आणि आपल्या वाऱ्यावादळाच्या किनाऱ्यावर हे पुढे महागात पडते. ते तेथेच वाढू दिले तर खोड जाड होताना गडगा फोडील, म्हणून ते काढून टाकावे आणि नव्या जागी नवे बी लावावे. रोपाची ये-जा टाळायची असेल तर तयार खड्ड्यात मिरगाच्या सुरुवातीला थेट तीन बिया टोकाव्यात आणि पुढच्या वर्षी त्यांतील सर्वांत जोमदार रोप ठेवावे. अशा झाडाचे सोटमूळ पहिल्यापासून सरळ जाते, आणि तुमच्यासारख्या ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी मी हीच पद्धत पसंत करतो.

पानांवरच्या गाठी डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या कोळी जातीच्या किडीमुळे होतात. करंजावर त्या जवळजवळ सर्वत्र आढळतात. पान कुरूप दिसते, परंतु झाडाचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही, आणि ही कीड करंजावरच राहणारी असल्याने आंबा, काजू किंवा माडाकडे वळत नाही. मोठ्या झाडावर औषध मारू नये. त्याने फुलांवरच्या मधमाश्या मरतील आणि गाठी पुन्हा येतीलच. कोवळ्या रोपावर फारच झाल्या, तर गाठी धरलेली पाने नव्या पालवीपूर्वी खुडून जाळावीत. बियांसाठी झाड निवडताना ज्याच्या पानांवर गाठी कमी आहेत असे निवडावे. सध्या खाडीकाठच्या झाडांवर शेंगा पिकत आल्या आहेत, तेव्हा पुढच्या पंधरवड्यात त्या काढून ठेवाव्यात आणि त्याच सुमारास खड्डाही घ्यावा.